देश युद्धात कसा उतरला? सरकारी हकिगत तपासण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

आमच्या शनिवारच्या अभ्यासगटात अधूनमधून एखादी वही अशी येते, जिच्या पहिल्याच पानावर निष्कर्ष असतो आणि उरलेल्या पानांवर त्याला शोभतील अशी कात्रणं. निष्कर्षही ठरलेले दोनच. एक, ‘आपल्यावर अचानक हल्ला झाला, मग नाइलाज होता.’ दुसरा, ‘सगळा बनाव होता, वरच्यांना आधीच माहीत होतं.’ एक वही सरकारवर आंधळा विश्वास टाकते, दुसरी आंधळा अविश्वास, पण चूक दोघींची एकच असते. आधी उत्तर, मग कागद.

खालची पद्धत हा क्रम सुलटा करण्यासाठी आहे. उदाहरणासाठी मी मुख्यतः १९६४ चं टोंकिनच्या आखातातलं प्रकरण घेतलंय, ज्यावरून अमेरिका व्हिएतनामच्या युद्धात खोल उतरली. त्यातली बरीचशी कागदपत्रं आता उघडी आहेत आणि आपल्यापैकी कुणाचा अभिमान त्यात अडकलेला नाही. सराव परक्याच्या युद्धावर करावा. घरच्या युद्धाला हात बसल्यावर हात घालावा.

## तयारी

एक आडवी फुलस्केप वही घ्या किंवा स्प्रेडशीट उघडा. पाच रकाने आखा: मूळ कागदातली वेळ, एका प्रमाणवेळेत बदललेली वेळ, काय घडलं, कुणी सांगितलं, केव्हा सांगितलं. पाचवा रकाना लोक हमखास गाळतात. चार तारखेला घडलेली गोष्ट कुणीतरी चार तारखेलाच सांगितली असेल, तर तिचं वजन वेगळं आणि निवृत्तीनंतर आठवणींत सांगितली असेल तर वेगळं. तो रकाना नसला की दोन्ही एकाच ओळीत बसतात आणि पुढे कितीही डोकं खाजवलं तरी वेगळी होत नाहीत.

कालखंड आखून घ्या. घटनेच्या आधीचे सहा आठवडे आणि नंतरचे दोन, एवढं पहिल्या फेरीला पुरतं.

पुण्यात बसून काय मिळतं? गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय सरकारी प्रकाशनांसाठी, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय पुस्तकांसाठी आणि जुन्या नियतकालिकांसाठी. विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, तिथल्या प्रबंधांच्या संदर्भसूचीच निम्मं काम करून देतात. बाहेरच्यांना प्रवेशाचे नियम असतात, ते आधी फोन करून विचारा. सोमवारी सकाळी जाऊन दारातून परत आलेले लोक मला माहीत आहेत. त्यात एकदा मीही होतो. घरबसल्या संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात लोकसभेचं जुनं कामकाज मिळतं, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर भारताची कागदपत्रं, आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याने छापलेले दस्तऐवजांचे खंड तर सरसकट खुले आहेत.

सावधान: पुण्यात ‘दफ्तर’ म्हटलं की लोकांचे पाय पेशवे दफ्तराकडे वळतात. तिथे खजिना आहे, पण तो वेगळ्या युद्धांचा. १९६२ची फाइल तिथे विचारली तर कर्मचारी सभ्यपणे नाही म्हणतील, एवढंच.

## १. प्रश्नाचे चार तुकडे करा

‘देश युद्धात कसा उतरला’ हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात चार दडलेले असतात. पहिली गोळी कुणी झाडली? युद्धाचा निर्णय कधी आणि कुणी घेतला? कायद्याने युद्ध कधी सुरू झालं? लोकांना काय सांगितलं गेलं? चारही उत्तरांची तारीख एक निघाली, असं क्वचित होतं.

१९६५ घ्या. ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये घुसखोर पाठवले गेले, १ सप्टेंबरला छांब भागात पाकिस्तानी चिलखती हल्ला झाला आणि ६ सप्टेंबरला भारतीय फौजांनी लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. पाकिस्तानात संरक्षण दिन ६ सप्टेंबरला पाळतात. म्हणजे हकिगत कुठल्या तारखेपासून सांगायची, एवढ्यावरच आक्रमक कोण ते ठरून जातं. यात कुणी एक शब्दही खोटा बोलायची गरज पडत नाही.

दुसरं टोक १९३९ चं. ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं. भारतीय पुढाऱ्यांना किंवा विधिमंडळाला विचारलंच नाही. त्याचा निषेध म्हणून प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, त्यात मुंबई प्रांताचं खेर मंत्रिमंडळही होतं. इथे पहिल्या गोळीचा प्रश्नच गैरलागू आहे. निर्णय कुणाचा, एवढाच प्रश्न उरतो. प्रश्न न तोडता कामाला लागलात तर भलत्याच ठिकाणी खणत बसाल.

तपासा: चारपैकी कुठला प्रश्न तुम्ही सोडवताय, ते वहीच्या पहिल्या पानावर एका वाक्यात लिहिता आलं का? वाक्यात ‘आणि’ आलं असेल तर अजून तोडा.

## २. सरकारी हकिगत तिच्याच शब्दांत उतरवा

नव्वद टक्के वह्या इथेच गळतात. लोक सरकारी हकिगत म्हणून जे खोडून काढतात, ते सरकार कधी बोललेलंच नसतं. कुठल्या तरी पुस्तकातला किंवा फॉरवर्डमधला सारांश असतो. म्हणून पहिलं निवेदन शोधा: संसदेतलं, आकाशवाणीवरचं, जाहीरनाम्यातलं. ते शब्दशः उतरवा. मग प्रत्येक वाक्य फोडून एकेक दावा वेगळ्या ओळीवर लिहा.

४ ऑगस्ट १९६४ च्या अमेरिकी निवेदनांचा गाभा असा होता: आंतरराष्ट्रीय समुद्रात नियमित गस्तीवर असलेल्या नौकांवर उत्तर व्हिएतनामच्या बोटींनी, काहीही कारण नसताना, दोन दिवसांत दुसऱ्यांदा हल्ला केला. यात दावे पाच. समुद्र आंतरराष्ट्रीय होता. गस्त नियमित होती. कारण दिलेलं नव्हतं. २ ऑगस्टला हल्ला झाला. ४ ऑगस्टला पुन्हा झाला. आता एकेक तपासा. २ ऑगस्टचा हल्ला खरा होता, ‘मॅडॉक्स’ या अमेरिकी युद्धनौकेवर टॉर्पेडो बोटी भर दिवसा चालून आल्या होत्या. ४ ऑगस्टचा झालाच नव्हता. ‘नियमित’ म्हटलेली गस्त किनाऱ्यावरची रडार आणि संदेश टिपण्यासाठीची होती. पाचांना मिळून खरं-खोटं ठरवायला बसलात तर भांडण होईल. एकेक घेतलात तर निकाल लागतो.

निवेदनातल्या काही शब्दांखाली लाल रेघ ओढायची सवय लावा: ‘अचानक’, ‘विनाकारण’, ‘नाइलाजाने’, ‘नियमित’, ‘प्रत्युत्तरादाखल’. हे शब्द माहितीसारखे दिसतात, पण प्रत्यक्षात निवाडा देऊन मोकळे होतात. १ सप्टेंबर १९३९ ला हिटलरने राइशटागमध्ये (जर्मन संसदेत) सांगितलं की पहाटे ५:४५ पासून आपण उलट गोळीबार करतोय. सगळं वजन त्या ‘उलट’वर आहे. (वेळही चुकीचीच सांगितली. तोफा त्याच्या तासभर आधी सुरू झाल्या होत्या.)

आणखी एक. त्याच सरकारने पुढे छापलेली आवृत्ती मिळवा आणि दोन्ही शेजारी ठेवा. १९१४ मध्ये युरोपातल्या सरकारांनी आपापली बाजू मांडायला रंगीत मुखपृष्ठांची दस्तऐवज-पुस्तकं छापली. फ्रान्सच्या ‘पिवळ्या पुस्तका’तल्या एका तारेत असा बदल केला गेला की रशियाने सैन्याची जमवाजमव ऑस्ट्रियाच्या जमवाजमवीला उत्तर म्हणून केली असं वाटावं. खरा क्रम उलटा होता: रशियाचा सार्वत्रिक जमवाजमवीचा हुकूम ३० जुलैचा, ऑस्ट्रियाचा ३१ चा. हे बाहेर आलं ते मूळ कागदपत्रं समोर आल्यावर. छापील दस्तऐवज म्हणजे मूळ दस्तऐवज नव्हे, हे मनावर कोरून ठेवा.

## ३. तासातासाचं वेळापत्रक

यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा. दिवसांचं वेळापत्रक पुरत नाही, तासांचं लागतं. आणि तासांचं करायचं तर सगळ्या वेळा एका घड्याळावर आणाव्या लागतात.

माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात बोलताना मी म्हणालो, ‘७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बर झालं आणि दुसऱ्या दिवशी, आठ तारखेला, जपानी मलायात उतरले.’ प्रश्नोत्तरांत तिसऱ्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ उठले. हातात कागद नाही, काही नाही. म्हणाले, ‘साहेब, कोटा भारूच्या किनाऱ्यावर आमच्या डोगरा पलटणीची पोरं होती. त्यांच्यावर गोळ्या पडल्या तेव्हा पर्ल हार्बर व्हायचं होतं. तुमची आठ तारीख तुमच्या सात तारखेच्या आधी येते.’ बरोबर होतं. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. मलायातल्या ८ तारखेच्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळाने जे सुरू झालं, ते हवाईतल्या ७ तारखेच्या सकाळच्या तासभर आधीचं. मी कॅलेंडर वाचलं होतं, घड्याळ नाही.

म्हणून पद्धत अशी:

क) प्रत्येक कागदावरची वेळ आहे तशी पहिल्या रकान्यात लिहा. दुरुस्त करू नका.

ख) ती कुठल्या घड्याळाची आहे ते शोधा. टोंकिनमध्ये नौकांचं घड्याळ ग्रिनिचच्या सात तास पुढे होतं, सायगावचं आठ तास, वॉशिंग्टनचं उन्हाळी वेळेमुळे चार तास मागे. म्हणजे एकाच क्षणाला तीन कागदांवर तीन वेळा आणि कधी कधी दोन तारखा. भारतातही सावध राहा. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत युद्धकाळ म्हणून घड्याळं एक तास पुढे होती. मुंबईचं तर आपलं वेगळंच घड्याळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालू होतं.

ग) दुसऱ्या रकान्यात सगळं ग्रिनिच वेळेत आणा. मी शेजारी पेन्सिलीने भारतीय वेळही लिहितो, कारण आपल्या डोक्याला तीच कळते.

आता बघा काय दिसतं. ‘मॅडॉक्स’वरचे कॅप्टन जॉन हेरिक यांची एक तार ४ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या दुपारी दीडच्या सुमारास पोहोचली. आशय असा की नोंदवलेले बरेचसे संपर्क आणि टॉर्पेडो संशयास्पद वाटतात, हवामानाचा परिणाम असावा, सोनारवाले (पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर बसलेले) अति उत्साहात असावेत, प्रत्यक्ष डोळ्यांनी काही दिसलेलं नाही, पुढे काही करण्याआधी पूर्ण पडताळणी करावी. भारतात तेव्हा रात्रीचे अकरा वाजत होते. अध्यक्ष जॉन्सन दूरचित्रवाणीवर आले ते वॉशिंग्टनच्या रात्री ११:३६ ला. आपल्याकडे ५ तारखेचे सकाळचे ९:०६. मधले दहा तास. बातम्यांच्या तारखांवर विसंबलात तर हे दहा तास दिसतच नाहीत, कारण सगळं ‘४ ऑगस्ट’ या एका चौकटीत बसून जातं.

सावधान: आवडती तार सापडली की लोक वही मिटतात. हेरिक यांनी नंतरच्या संदेशात चित्र गोंधळाचं असलं तरी सुरुवातीचा सापळा खरा होता असंही कळवलं होतं. तीही ओळ वेळापत्रकात हवी. ती टाळलीत तर सरकारने केलं तेच तुम्ही केलंत.

तपासा: वेळापत्रकात सलग सहा तासांपेक्षा मोठी मोकळी जागा कुठे आहे? तिथे पेन्सिलीने चौकट करा. पुढचं वाचन त्या चौकटीसाठी.

## ४. घड्याळ थोडं मागे सरकवा

प्रत्येक सरकारी हकिगत कुठून तरी सुरू होते आणि ती जागा निवडलेली असते. त्या जागेच्या आधीचे दहा-पंधरा दिवस तपासा.

टोंकिनची हकिगत २ ऑगस्टला सुरू होते. ३० जुलैच्या रात्री दक्षिण व्हिएतनामी बोटींनी होन मे आणि होन न्गू या उत्तर व्हिएतनामी बेटांवर मारा केला होता, आणि त्या मोहिमेमागे अमेरिकाच होती. ‘विनाकारण’ हा शब्द तिथे कोसळतो, २ ऑगस्टचा हल्ला खरा असूनही.

आपल्या घरातलं उदाहरण १९७१. आपण शाळेत शिकलो की ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध पेटलं. हल्ले झाले, यात वाद नाही. पण गरीबपूरची लढाई २०-२१ नोव्हेंबरची आणि ती पूर्व पाकिस्तानच्या हद्दीत झाली. बोयराची हवाई चकमक २२ नोव्हेंबरची. बांगलादेश आपला सशस्त्र दल दिन २१ नोव्हेंबरला पाळतो. इंदिरा गांधींचं २४ नोव्हेंबरचं लोकसभेतलं निवेदन काढून वाचा. सैन्याला सीमेबाबत काय सूचना होत्या, त्यात स्वसंरक्षणाची वाट कशी ठेवली, ते नीट बघा. हे वाचून कुणाचं देशप्रेम आटत नाही. आणखी मागे गेलात तर मार्चपासूनचा नरसंहार आणि सीमेवर आलेले लाखो निर्वासित लागतात, आणि मग ‘आधी कुणी’ याचा अर्थच बदलतो.

इथे उलटी चूकही होते. मागे जायची चटक लागली की माणूस १९४७, १८५७ करत थेट पानिपतावर पोहोचतो. नियम ठेवा: ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्या त्या आठवड्यातल्या कागदांत ज्या घटनेचा उल्लेख आहे, तिथपर्यंतच मागे.

## ५. माहिती कुणापर्यंत पोहोचली?

‘त्यांना आधीच माहीत होतं’ हे वाक्य लिहायचं असेल तर तीन तारखा द्याव्या लागतील: माहिती आली कधी, वाचली गेली कधी, निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर गेली कधी. ‘त्यांना’ म्हणजे कोण, हेही सांगावं लागेल. सरकार म्हणजे काही एक डोकं नसतं.

पर्ल हार्बरवर लोक याच जागी घसरतात. अमेरिकेने जपानचा राजनैतिक सांकेतिक व्यवहार फोडला होता, हे खरं. म्हणून नौदलाचा बेतही वाचला होता, हे त्यातून निघत नाही. ते संकेत वेगळे होते. २४ सप्टेंबर १९४१ ला टोकियोने होनोलुलूतल्या वकिलातीला बंदराचे पाच भाग पाडून नौका कुठे उभ्या आहेत ते कळवायला सांगितलं. तो संदेश अमेरिकेत ९ ऑक्टोबरला भाषांतरित झाला, पण हवाईतले अॅडमिरल किमेल यांच्यापर्यंत गेलाच नाही. २७ नोव्हेंबरला त्यांना युद्धाचा इशारा गेला, पण त्यात नावं फिलिपिन्स, थायलंड, बोर्निओ अशी होती. तीन रकाने भरले की दिसतं ते असं: माहिती होती, पण तुकड्यांत होती, चुकीच्या हातांत होती आणि इतर ठिकाणांबद्दलच्या माहितीच्या ढिगाऱ्यात होती. यातून बेफिकिरी सिद्ध करता येईल. कट नाही.

निकाल माहीत असलेल्या माणसाला जुना कागद फार स्पष्ट वाटतो. उपाय सोपा आहे. त्या दिवशी त्या टेबलावर आलेले बाकीचे कागदही वाचा. कंटाळवाणे असतात. तेच औषध.

## ६. दुसऱ्या बाजूचं आणि स्वतःच्या विरुद्ध बोलणारं

शत्रूचं म्हणणं वाचायचं ते खरं म्हणून नव्हे, दोन्हीकडे जुळतंय काय ते बघायला. त्याहून किमती असतो तो पुरावा, जो देणाऱ्याच्या गैरसोयीचा आहे. १९१७ ची झिमरमान तार, म्हणजे जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांनी मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध युतीची ऑफर देणारी तार, ब्रिटिशांनी बनावट रचली असं अमेरिकेत बरेच जण म्हणत होते. मग खुद्द झिमरमान यांनीच ती आपली असल्याचं कबूल केलं. वाद संपला. टोंकिनबाबत अमेरिकेच्याच राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतल्या इतिहासकाराने लिहिलेला अभ्यास २००५ मध्ये खुला झाला, त्यात ४ ऑगस्टला हल्ला झालाच नाही असा निष्कर्ष होता. हानोईचे जनरल झ्याप यांनी १९९५ मध्ये मॅकनमारा यांना (१९६४ मधले अमेरिकेचे संरक्षणमंत्री) तेच सांगितलं होतं, पण ते त्यांच्या सोयीचं होतं. वजन संस्थेच्या स्वतःच्या कागदाला जास्त.

## ७. भारतातली कागदपत्रं आणि चौकशी अहवाल

चौकशी अहवाल हाती आला की आधी त्याला काय विचारलं होतं ते वाचा, निष्कर्ष नंतर. १९६२ नंतरचा हेंडरसन ब्रूक्स–भगत अहवाल लष्करी कारवाईपुरता होता. राजकीय निर्णयांची चौकशी त्याच्या कक्षेत नव्हती. ‘सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला’ असं आपण अजून म्हणतो, त्या यशवंतरावांनी संरक्षणमंत्री म्हणून सप्टेंबर १९६३ मध्ये त्यातलं काही संसदेत सांगितलं. अहवाल मात्र सरकारने आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये इंटरनेटवर आला, तो वापरायचा तर ‘काही भाग’ हे शब्द प्रत्येक वेळी लिहा. चीनशी झालेला पत्रव्यवहार मात्र सरकारने १९५९ पासून श्वेतपत्रिकांत छापला आहे. लोक त्या न वाचताच गुप्त अहवालाच्या मागे लागतात. उघड्या पेटाऱ्यात आधी हात घाला.

कारगिल समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेसमोर आला, काही भाग वगळून. वगळलेल्या जागांची यादी करा, कुठल्या विषयावर किती गाळलंय तेही बोलकं असतं.

माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तर एवढं पाळा:

- संरक्षण आणि परराष्ट्र खातं केंद्राचं. महाराष्ट्राच्या पोर्टलवर अर्ज टाकून महिनाभर वाट बघणारे दरवर्षी भेटतात. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर जा. फी १० रुपये.
- ‘युद्ध का झालं’, ‘जबाबदार कोण’ असं विचारू नका. कायदा कागद देतो, मत देत नाही. फाइलचा विषय, खातं, कालावधी लिहा आणि प्रत मागा.
- घटना २० वर्षांपूर्वीची असेल तर कलम ८(३) चा उल्लेख करा. तरीही सुरक्षा आणि परराष्ट्र संबंधांचं ८(१)(अ) आड येऊ शकतं, त्याची तयारी ठेवा.
- उत्तराची मुदत ३० दिवस. नकार आला तर पहिलं अपील ३० दिवसांत. अर्ज टाकला त्याच दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयवर दोन्ही तारखांना गोल करा.

अर्ज करण्याआधी ती फाइल राष्ट्रीय अभिलेखागारात गेलीय का तेही बघा. २५ वर्षांहून जुने अभिलेख तिकडे जाणं अपेक्षित असतं. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धविषयक नोंदी खुल्या करण्याचं धोरणही जाहीर केलं आहे. अर्जात त्याचा हवाला द्यायला हरकत नाही.

## ८. ज्यांनी पाहिलं त्यांच्याशी बोलणं

पुण्याला ही सोय फार आहे. प्रत्येक सोसायटीत एखादे निवृत्त सुभेदार किंवा कर्नल सापडतात. पण त्यांना ‘युद्ध कुणी सुरू केलं’ विचारलंत तर टीव्हीवर ऐकलेलंच ऐकायला मिळेल. विचारा: तुमची रजा कुठल्या दिवशी रद्द झाली? रेल्वेत कुठे बसलात? दारूगोळा किती दिवसांचा दिला? आमच्या गटातल्या एकीने १९७१ बद्दल एका आजोबांना फक्त रजेचं विचारलं. ते आत गेले आणि घरच्यांनी जपून ठेवलेलं एक आंतर्देशीय पत्र घेऊन आले. शाई फिकी, पण पोस्टाचा शिक्का स्वच्छ. एका शिक्क्याने वेळापत्रकातली एक मोकळी चौकट भरली.

सावधान: गोपनीय कागद कुणी देऊ केला तर घेऊ नका. १९२३ चा शासकीय गुपित कायदा अजून लागू आहे, आणि अडचणीत तुमच्या आधी ते आजोबा येतील.

## ९. निकाल लिहिताना

दुसऱ्या टप्प्यातल्या दाव्यांच्या यादीकडे परत या. प्रत्येकापुढे पाचपैकी एक शेरा लिहा: खरं, चूक, लपवलेलं, खोटं, अनिर्णित. चूक आणि खोटं यांतला फरक जपा. सांगणाऱ्याला सांगताना ते खरं वाटत होतं का, एवढाच तो फरक आहे आणि तो पाचव्या टप्प्यातल्या तारखांवरूनच ठरतो. टोंकिनमध्ये अंधारात, खराब हवामानात सोनारवर बसलेल्यांची चूक होती. शंकेची तार पोहोचल्यावर ती बाजूला ठेवून ठाम बोलणं ही वेगळी गोष्ट. तीन दिवसांनी अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, अध्यक्षांना लष्करी कारवाईची मुभा देणारा ठराव मंजूर केला: प्रतिनिधी सभेत ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. मत देणाऱ्यांना हेरिक यांच्या शंकेची कल्पना दिलेली नव्हती, म्हणून ‘लपवलेलं’ हा शेरा तिथे बसतो.

‘अनिर्णित’ लिहायला लाजू नका. ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका १८९८ मध्ये हवानाच्या बंदरात फुटली. तेव्हाच्या चौकशीने सुरुंग म्हटलं, त्या लाटेवर स्पेनशी युद्ध झालं. १९७६ मध्ये अॅडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासाने आतल्या कोळशाच्या आगीकडे बोट दाखवलं. त्यानंतरही मतं विभागलेलीच आहेत. सुरुंग नव्हता असं मानलं तरी अमेरिकेनेच नौका उडवली, हे त्यातून निघत नाही. सरकारची हकिगत पडली म्हणजे उलटी हकिगत आपोआप उभी राहत नाही, तिला तिचा वेगळा पुरावा लागतो. ३१ ऑगस्ट १९३९ च्या, जर्मनीतल्या ग्लायविट्झ रेडिओ केंद्रावरच्या आणि पोलंडच्या नावावर खपवलेल्या हल्ल्याला आपण बनाव म्हणतो, कारण त्यात भाग घेतलेल्या नाउयॉक्सने न्यूरेंबर्गच्या खटल्यासाठी तशी शपथेवर जबानी दिली. नाझींचा संशय येतो म्हणून नव्हे.

कच्चा मजकूर झाला की तो तुमच्याशी सहमत नसलेल्या माणसाला द्या. मी मागच्या वेळी खालच्या मजल्यावरच्या काकांना दिला होता. दोन दिवसांनी परत आला तेव्हा समासात एकही शेरा नव्हता, फक्त लाल शाईने ‘अचानक’ या शब्दाभोवती सात गोल. सरकारचे नव्हेत, माझे. पाच काढले. दोन ठिकाणी वेळ लिहिली.